सालीवरची सुरकुती

सात रस्त्याजवळच्या त्या हॉस्पिटलात ऑपरेशनचा रोबो आला आणि वयाच्या चौपन्नाव्या वर्षी डॉक्टर वैजयंतीबाई केळी फाडायला लागल्या.

केळी सोजरबाईंनी आणलेली. उजनीच्या काठावर त्यांची बाग. सहा वर्षांपूर्वी त्यांचा बेंबीजवळचा हर्निया वैजयंतीबाईंनी दुर्बिणीतून, तीन बारीक भोकांतून जाळी लावून दुरुस्त केला होता. तीन महिने वजन उचलू नका म्हणून बजावलं, तर सोजरबाई तिसऱ्या आठवड्यात घड उचलून मोकळ्या. आता हर्निया परत वर आला होता आणि आतडंही जुन्या जाळीला चिकटलेलं दिसत होतं.

पोटाच्या छताला आतून टाके घालायचे म्हणजे लांब दांडीच्या चिमट्यांनी उलट्या हातानं शिवणं. रोबोचे हात आत मनगटासारखे वळतात, आणि पडद्यावर खोलीही खरीखुरी दिसते. हे काम त्याचंच, हे वैजयंतीबाईंना कळत होतं. म्हणून ओपीडी आटोपली की त्या यंत्राशी बसून केळीच्या सालीला टाके घालायच्या. पंचवीस वर्षं त्यांनी दोरा हाताला ताण लागेपर्यंत ओढला होता. या यंत्रात ताण हातापर्यंत येतच नव्हता. त्या वाट बघत ओढत राहायच्या आणि साल फाटायची.

त्यांच्याच हाताखाली तयार झालेली डॉक्टर सबिहा एकही फाडत नव्हती. तिनं जपूनच सांगितलं, "मॅडम, हाताची वाट बघू नका. दोऱ्याखाली सालीला सुरकुती पडली की थांबायचं."

कळलं ते लगेच. पण हात काही ऐकेना.

यंत्रावर ऑपरेशन सबिहा करेल असं सोजरबाईंना सांगितलं, तर त्या खाटेवरून उतरायलाच निघाल्या. "येंत्राचं मला सांगू नका, बाई. तुमचा हात असंल तर झोपते. न्हाय तर ही चालले केळीला पाणी द्यायला."

मग त्यांची नजर टेबलाखालच्या, फाटक्या केळ्यांच्या बादलीकडं गेली. "अन् माजी केळी फाडली कुणी?"

वैजयंतीबाईंना थाप मारता आली असती. "मी," त्या म्हणाल्या. "सोळा. हिनं एकही नाही."

सोजरबाईंनी बादली बघितली, सबिहाला बघितलं. म्हणाल्या, "मग तुमी कुटं असणार?"

"तुमच्या पोटाशी. हातात चिमटा घेऊन."

"व्हय, मग चालतंय की."

ऑपरेशनच्या दिवशी सबिहा कोपऱ्यात यंत्रावर बसली आणि वैजयंतीबाई टेबलाशी उभ्या राहिल्या, आपल्याच विद्यार्थिनीच्या मदतनीस म्हणून. पाऊण तास सगळं सुरळीत झालं. मग पडद्यावरचा चिमटा थबकला. "मॅडम, दिसतंय सगळं. पण जाळी कुठं संपते आणि आतडं कुठं सुरू होतं, ते कळत नाही. जरा हात लावून सांगता?"

वैजयंतीबाईंनी आपला लांब चिमटा आत नेऊन अलगद टेकवला. दांडीतून बोटांना काहीतरी खरखरीत, ताठ लागलं. सहा वर्षांपूर्वी त्यांनीच लावलेल्या जाळीची कड. चिमटा बोटभर खाली सरकला आणि तिथं मऊ लागलं.

"माझ्या टोकाच्या वरून काप. खाली आतडं आहे."

सबिहानं तसंच केलं. टाके तिनं घातले, एकही तुटला नाही.

पंधरा दिवसांनी सोजरबाईंचा थोरला मोटारसायकलवर अख्खा घड घेऊन आला. आईनं उचलला नाही, हे त्यानं आधी सांगितलं. मग जरा लाजत निरोप दिला: हा खायला नाही, बाईंना शिकायला.

दुपारी वैजयंतीबाई यंत्राशी बसल्या. दोरा ओढला. सालीवर बारीक सुरकुती उमटली, आणि हात थांबला.