दोरीवरची दुपटी

दोन हजार तेवीस साल होतं ते. गुढीपाडवा होऊन गेला होता आणि सोलापूरचं ऊन असं चढलं होतं, की गच्चीवर पिळून टाकलेलं कापड खाली येऊन चहा होईपर्यंत खडखडीत वाळायचं. माझी लेक शिवानी दिवाळीपासून माहेरीच होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. टेंभुर्णीला तिच्या सासूनं, गिरिजाबाईंनी, "जरा आईकडं जाऊन आराम कर" म्हणून एसटीत बसवून दिलं आणि परत कधी यायचं ते सांगितलं नाही. जावई सोमलिंगचं हायवेला ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान. त्याचा फोन आठवड्यातून एकदा यायचा, तोही जेवलीस का विचारण्यापुरता. शिवानी तेवढ्यावर आठवडा काढायची. तिला परत जायचं होतं. मी कितीदा म्हटलं, सोडून दे त्यांचा नाद, तर म्हणायची, "अव्वा, ते वाईट नाहीत गं. त्यांच्या आईपुढं बोलत नाहीत एवढंच."

रिकामं बसवेना म्हणून तिनं लग्नाआधीचा कॅमेरा माळ्यावरून काढला. हल्ली आमच्याकडंही नवजात बाळांचे फोटो काढून घ्यायची हौस आली आहे. बाळ आठ-दहा दिवसांचं असतं, पोटातल्यासारखं मुटकुळं करून झोपतं, तेव्हाच काढायचे म्हणे. ती बाळंतिणीच्या दवाखान्यात नाहीतर लोकांच्या घरी जाऊन काढायची. पण फोटो काढणं हे शेवटचं काम. बाळाच्या खाली आणि मागं कुठलं कापड पसरायचं, हे आधी ठरवायला लागतं, आणि त्यात मी तिच्याबरोबर बसू लागले.

माझे मालक बसप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर होते. टॉवेल आणि चादरी यांतच माझा संसार झाला. ते जाऊन दहा वर्षं झाली, तरी कापड दिसलं की बोट आपोआप पुढं जातं. मला वाटलं, मला यातलं सगळं कळतं. पहिल्या दिवशी मी चांगला जाड, लुसलुशीत टॉवेल काढून दिला. शिवानीनं त्याच्या फासांवरून नख फिरवलं.

"अव्वा, बाळाचं नख अडकेल यात. आणि फोटोत हे फास मुंग्यांसारखे दिसतात."

"मग चादर घे की."

"चादरीवर बाळ दिसेल का मोर दिसेल?"

आम्ही दोघी हसलो. त्या घरात किती दिवसांनी कोणी हसलं होतं.

हाताला मऊ लागतं ते कॅमेऱ्याला मऊ दिसतंच असं नाही, हे मला तेव्हा कळलं. रेशीम स्टीलच्या ताटासारखं चमकतं. पांढऱ्याशुभ्र कापडावर बाळ लालभडक दिसतं, हळदीच्या रंगावर कावीळ झाल्यासारखं. नव्या कापडाला खळ असते, ते ताठ राहतं, सुरकुती पडली की मोडत नाही. सगळ्यात चांगलं काय ठरलं, तर जुनं, धुऊन धुऊन विरायला आलेलं सुती लुगडं. ट्रंकेत माझ्या आईची इरकली होती, सासूबाईंची होती. ती आम्ही काढली, काठ उसवून ठेवले, दोन-दोन पदर जोडून दुपट्याएवढे तुकडे शिवले. नव्या मलमलीचे तुकडे रिठ्याच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन तेवढ्याच मऊपणाला आणले. एक सैल विणीची लोकरीची शाल आणली, तीही धुतली; फोटोत घालायला इवल्या टोप्याही विणल्या.

तुकडे शिवताना मला आमची जुनी गल्ली आठवायची. तेव्हा मागाचा आवाज घराघरांत होता. कुणाकडं बाळ जन्मलं की नवं कापड कोणी त्याच्या अंगाला लावत नसे. गल्लीतल्या बायका आपापलं जुनं लुगडं फाडून आणून द्यायच्या. बाळुती दोरीवर पडली की काठांवरून सांगता यायचं, हे नागव्वाचं, हे पद्मशाल्यांच्या घरचं, हे शेजारच्या अम्मीजानच्या ओढणीचं. माझी शिवानी अशाच सात घरांच्या कापडात वाढली. आता बाळ जन्मल्यापासून प्लॅस्टिकच्या चड्डीत असतं आणि जुनं लुगडं फोटोपुरतं खाली येतं.

हे काम आम्ही गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं. ते शिवानीच्या सांगण्यावरून. सुरुवातीला जुळे सोलापूर या भागात एका घरी ती फोटो काढायला गेली होती. कापड पसरून झालं, बाळ निजलं, आणि त्या घरच्या आजीनं सहज विचारलं, "तुम्हाला किती मुलं?" शिवानी म्हणाली, अजून नाही. आजी फक्त वाकली, बाळ उचललं आणि आत घेऊन गेली. सुनेनं बाहेर येऊन सांगितलं, बाळ रडतंय, परत कधीतरी बघू. बाळ रडत नव्हतं.

त्या दिवशी घरी येऊन तिनं ती कापडं पुन्हा धुवायला काढली. मी म्हटलं, "ही तर वापरलीच नाहीत."

"धू दे गं," म्हणाली. "आणि अव्वा, शेजारी सांगू नकोस. इथून तिथं जायला वेळ लागत नाही. मूल नसलेल्या बाईचं कापड कोण घेईल बाळाच्या अंगाखाली?"

म्हणून सांगितलं नाही. पण दोरी कशी झाकणार?

समोर गोजरबाई राहते. माढ्याकडची, तोंडानं फटकळ, मनानं वाईट नाही. तिच्या गॅलरीतून आमची गच्ची सरळ दिसते. तिनं काय बघितलं? लग्न झालेली पोर महिनोन्महिने माहेरी. आई जुनी लुगडी फाडून दुपटी शिवते. रोज दोरीवर दुपटी आणि इवल्या टोप्या. पोर मोठी पिशवी घेऊन रिक्षानं बाळंतिणीच्या दवाखान्यात जाते. आमच्याकडं पोरीला दिवस गेले की ते कुणी उघड विचारत नाही, नजर लागते म्हणून. बाईनं समजून घ्यायचं आणि काहीतरी आंबट पाठवायचं. गोजरबाईनं कैऱ्या पाठवल्या. चैत्र होता, मी म्हटलं शेजारधर्म. आम्ही त्यांचं पन्हं केलं.

तिच्या बहिणीची लेक टेंभुर्णीला दिली आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारी दारात गाडी थांबली. गिरिजाबाई उतरल्या, हातात मोठी परडी, तिच्यावर हिरवं पातळ, हिरव्या बांगड्या, खणात बांधलेला नारळ. मागं सोमलिंग. गिरिजाबाईंनी शिवानीला दारातच धरलं, तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"किती गं वाळलीस! विहीणबाई, माज्या लेकीला खायाला घालता का न्हाय?"

सहा वर्षांत त्यांनी तिला लेक म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. शिवानीचा चेहरा मी आजही विसरलेली नाही. परकर नेसायची तेव्हा वडील कामावरून आल्यावर व्हायचा, तसा झाला होता.

"आत्याबाई, मला न्यायला आलात?"

"आता कशाला न्यायचं? आता हितंच ऱ्हायचं. मग नेऊ की, वाजवत नेऊ!"

शिवानी माझ्याकडं बघायला लागली. मी त्या हिरव्या बांगड्या बघत होते आणि माझ्या डोक्यात गच्चीवरची दोरी, कैऱ्या, सगळं एकदम आलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सोमलिंग म्हणाला, "शिवानी, जरा आत ये." त्याच्या तोंडावर रंग नव्हता. बाप होणाऱ्या माणसाचं ते तोंड नव्हतं.

मी चहा टाकायच्या निमित्तानं उठले. स्वयंपाकघर आणि आतली खोली यांच्यात पडदाच आहे.

"कुणाचं हाय?" त्यानं विचारलं.

"काय कुणाचं?"

"पोटातलं. खरं सांग, मी आईला काय बोलनार न्हाय."

मला वाटलं ती रडेल. तिचा आवाज आला तो अगदी कोरडा.

"मी दिवाळीला आले. त्याआधी तुमच्याच खोलीत होते की. मग तुमचं का नसेल?"

पलंग करकरला, तो खाली बसला असावा.

"सोमलिंग, माझ्या पोटात काही नाही. ती दुपटी फोटोची आहेत, कामाची. पण तुम्हाला कसं ठाऊक, की असतं तर ते तुमचं नसतं?"

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला नाही.

"पुन्याला माजं तपासून घेतलं," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. हुनार न्हाय म्हनले."

दोन वर्षं. त्या दोन वर्षांत माझ्या लेकीनं पोटावर सुया टोचून घेतल्या होत्या. गिरिजाबाई देतील त्या जडीबुटीच्या पुड्या खाल्ल्या होत्या, उलट्या होईपर्यंत. ओटी भरायच्या कार्यक्रमात तिला मागच्या खोलीत भांडी पुसायला बसवत होते. आणि हा समोर जेवत होता.

शिवानी पडदा सारून बाहेर आली आणि सासूपुढं उभी राहिली.

"आत्याबाई, मला दिवस गेलेले नाहीत. जाणारही नव्हते. का ते यांना विचारा."

गिरिजाबाईंनी मुलाकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. त्यांना समजायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात त्या म्हाताऱ्या झाल्या, असं मला दिसलं. मला त्यांची दया आली, खोटं कशाला सांगू. पण ती फार वेळ टिकली नाही. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, उठून दार लावून घेतलं आणि शिवानीचा हात हातात घेतला.

"हे बघ पोरी. झालं ते झालं. तू चल आमच्यासंगं, आताच्या आता. मी तुला फुलासारखी ठिवीन. फकस्त हे भाईर जाऊ द्यायचं न्हाय."

"आणि लोकांनी विचारलं तर?"

"लोक इचारत्यात का? त्यांना वाटतंच की, तुज्यातच हाय. बाईच्या नावावर खपून जातं गं. त्याला बाजारात मान वर करून बसायचंय."

शिवानीनं नवऱ्याकडं बघितलं. मला कळत होतं, ती अजून थांबली होती. त्यानं एक शब्द बोलायचा होता. नको आई, एवढं म्हटलं असतं तरी ती सगळं विसरून गाडीत जाऊन बसली असती. माझी लेक आहे, मला माहीत आहे.

"आई म्हनती ते बरोबर हाय," सोमलिंग म्हणाला. "तुला तरी काय फरक पडतो?"

तिनं सासूच्या हातातून हात सोडवून घेतला. परडी उचलली आणि गाडीच्या मागच्या सीटवर नेऊन ठेवली. बांगड्या फुटू नयेत म्हणून खण नीट भोवती खोचला. मग वर गच्चीवर गेली. ती दोघं निघून गेली तरी शिवानी खाली आली नाही.

पुढच्या वर्षी समजुतीनं फारकत झाली. कागदावर कारण काही लिहिलं नाही. टेंभुर्णीत मात्र सगळ्यांना कारण ठाऊक आहे, आणि त्यांच्या लेखी ते शिवानीतच आहे.

गोजरबाईनं काय झालं ते ऐकलं, तेव्हा ती उंबऱ्यावर बसून स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागली. "अक्का, म्या काय केलं वो हे?" मी तिला पाणी दिलं. आता ती भाजी निवडायला आमच्याकडंच येते.

शिवानीनं विजापूर रोडला स्टुडिओ घेतला आहे. काम भरपूर आहे. मुलं किती विचारलं तर नाही म्हणून सांगते आणि कॅमेऱ्यातून डोकं काढत नाही. कुणी बाळ उचलून नेलं तर कापडाची घडी घालते आणि पुढच्या घरी जाते. पुन्हा लग्नाचं नाव काढू देत नाही. मी गेल्यावर तिचं कोण, हा विचार मी तिच्यासमोर करत नाही.

माझी नजर अधू झाली. सुईत दोरा ओवता येत नाही.

सोमलिंगचं दुसरं लग्न झालं. मुलगी अकलूजजवळची आहे, उत्कर्षा तिचं नाव, फार गरीब स्वभावाची आहे म्हणतात. लग्नाला दीड वर्ष झालं. गिरिजाबाईंना सगळं ठाऊक आहे. तरी त्यांनी तिला सोमवार धरायला लावले आहेत आणि रोज सकाळी स्वतःच्या हातानं पुडी देतात.