याकूब मिस्त्रीचा पत्रा

लोखंडाला खोटं बोलता येत नाही, असं आमचा अजीम प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. माणसांबद्दल तो काही म्हणत नाही, तेच बरं आहे.

अजीम माझा नवरा. साताऱ्यात आमचं गॅरेज आहे आणि जुन्या गाड्या पुन्हा मूळ रूपात आणून देणं हा आमचा धंदा. फोटो काढायचे, नोंदी ठेवायच्या आणि गिऱ्हाइकासमोर तोंडावर ताबा ठेवायचा, ही माझी कामं. यातलं तिसरं मला कधी जमलेलं नाही. गॅरेजच्या पाटीवर ठळक अक्षरात ‘पुणे येथील अनुभव’ असं लिहिलंय. पुण्यात अजीम होता खरा, जेमतेम वर्षभर. पत्रा ठोकायला तो शिकला तो अब्बांच्या हाताखाली, शाळेत असल्यापासून. पण अब्बा पाटीवर नाहीत.

अब्बा म्हणजे माझे सासरे, याकूब मिस्त्री. एके काळी साताऱ्यात गाडी ठोकली की लोक आधी त्यांच्याकडे यायचे. आता पंचाहत्तरी उलटली, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले. घरी असतात, मला मेथी निवडून देतात आणि त्यातली निम्मी चांगली पानं टाकून देतात.

महाबळेश्वरला ऋषिराज साहेबांचं हॉटेल आहे. हॉटेलच्या दारात त्यांना तीन जुन्या गाड्या उभ्या करायच्या होत्या आणि तिन्हींचं काम एकाच माणसाला द्यायचं होतं. पहिली गाडी त्यांना आष्ट्यात सापडली. मनुबाई नावाच्या बाईंची अँबॅसेडर. त्यांच्या नवऱ्यानं, नानासोंनी, भाजी सांगलीच्या बाजारात न्यायला तिचा मागचा भाग कापून मोठी पेटी करून घेतली होती. नानासो वारले आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली. मूळची बॉडी किती शिल्लक आहे आणि किती टाकून द्यावी लागेल, हे पाहून तिची किंमत ठरवायची होती. त्यासाठी साहेबांनी अजीमला बोलावलं. हे काम मिळालं तर आमचं गॅरेज तरणार होतं, आणि न मिळालं तर पाटी उतरवायची, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आदल्या दिवशी जेवताना अजीमनं आष्ट्याच्या पेटीवाल्या अँबॅसेडरचा विषय काढला आणि अब्बांचा घास हातातच राहिला.

“नानासोची गाडी? ती तर मीच कापली होती,” ते म्हणाले. घरात आम्ही आमच्या दखनीत बोलतो, पण इथे मराठीतच सांगते.

सकाळी आम्ही निघायच्या आधीच ते धुतलेला सदरा आणि टोपी घालून गाडीत मागं जाऊन बसले होते.

पेठ नाक्यावर चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी विषय काढला. “अजीम, त्या पेटीला नवा पत्रा घातला, असं मी नानासोला सांगितलं होतं. पैसेही नव्याचेच घेतले. पत्रा नवा नव्हता. सुरय्याचं लग्न तोंडावर आलं होतं तेव्हा.” सुरय्या माझी नणंद. “नानासोला सांगायचं राहून गेलं. निदान मनुबाईला सांगतो, माफी मागतो. त्यासाठीच आलोय.”

अजीमनं चहाचा ग्लास खाली ठेवला. “अब्बा, आज नको. गावठी ठोकाठोकीवाला माणूस नको, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलंय. काम एकदा हातात पडू दे, मग मी स्वतः तुम्हाला त्यांच्याकडे घेऊन येतो. आज तुम्ही गाडीतून उतरू नका.”

अब्बा ‘बरं’ म्हणाले. म्हातारं माणूस बरं म्हणालं की त्याला पटलं, असं आपण सोयीनं धरून चालतो. मीही तसंच धरलं.

मनुबाईंनी गाडी धुऊनपुसून ठेवली होती. बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं होतं, जणू लेकीला बघायला पाहुणे येणार होते. साहेब आधीच येऊन गाडीभोवती फेऱ्या मारत होते. अजीमनं खिशातून लोहचुंबक काढलं. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून ते फडक्यात गुंडाळलेलं असतं. खाली चांगला पत्रा असला की चुंबक घट्ट चिकटतं, आणि वर जाड लांबी थापलेली असली की घसरतं. लांबी म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा. अजीम चुंबक फिरवत ‘धरलं’ किंवा ‘सोडलं’ म्हणतो, खडूनं खूण करतो आणि मी मोबाईलवर लिहून घेते.

पुढचे मडगार्ड, बॉनेट, चारही दरवाजे, सगळीकडे धरलं, धरलं. साहेब खूश झाले. “ही पद्धत पुण्यातली वाटतं?” त्यांनी विचारलं. अजीम नुसता हसला. ते चुंबक अब्बांनी जुन्या स्पीकरमधून काढून त्याच्या हातात दिलं होतं.

मागच्या पेटीकडं आलो आणि सोडलं, सोडलं, सोडलं सुरू झालं. अजीमचा आवाज खाली खाली जाऊ लागला.

“खरवडा की जरा. खाली काय आहे ते तरी कळू दे,” साहेब म्हणाले.

अजीमनं पटाशी लावली. लांबीचा हाताएवढा पापुद्रा निघून पडला. खाली पिवळा डबा होता. शेंगतेलाचा, फाडून सरळ केलेला. त्यावरच्या शेंगांचं चित्र अजून ताजं होतं आणि शेजारी लाल अक्षरात ‘शुद्ध’ असं छापलेलं होतं.

साहेबांना हसू आवरेना. “मावशी, गाडी विकताय की तेलाचा डबा? कुणाचा हा पराक्रम?”

“न्हाई बा,” मनुबाई पुढं आल्या. “नवा पत्रा हाय त्यो. साताऱ्याच्या याकूब मिस्त्रीनं घातलाय. लय नेक मानूस. त्यानं हात लावला की आमचं मालक पुन्यांदा बघायचं न्हाईत.” मग त्या अजीमकडं वळल्या. “तुमी साताऱ्याचंच न्हवं? वळखत आसाल त्येस्नी.”

अजीम बोटांवरचा खडू पुसत राहिला.

“नाव ऐकलंय,” तो म्हणाला. “जुन्या काळातले आहेत कोणीतरी.”

शेडच्या खांबाशी अब्बा उभे होते. ते कधी उतरले ते मला कळलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. साहेबांचंही तिकडे लक्ष गेलं. “हे कोण? तुमच्याबरोबर आलेत का?”

‘माझे सासरे’ एवढंच म्हणायचं होतं. नवऱ्याला जमत नव्हतं तर मी म्हणायचं होतं. ज्या तोंडावर माझा कधी ताबा राहत नाही, ते तेव्हा अगदी शिस्तीत बंद राहिलं. मी मोबाईलमध्ये बघू लागले.

अब्बांनी आमच्या दोघांकडं एकेकदा पाहिलं.

“मी व्हय?” ते म्हणाले. “मी वाटसरू, सायेब. पेठ नाक्यावर माजी एस्टी चुकली, या पोरानं हितपत्तुर आनलं. भला हाय पोरगा.”

मनुबाईंनी त्यांना खाट टाकून दिली, पाणी आणलं. त्यांनी याकूब मिस्त्रीला कधी पाहिलेलं नव्हतं. व्यवहार सगळा नानासोंनी साताऱ्यात केलेला. पण डब्याची ती पिवळी पट्टी त्यांना गप्प बसू देत नव्हती. त्यांनी ती अब्बांच्याच हातात दिली.

“तुमी वडीलधारं हाय. तुमीच सांगा, बाबा. नेक मानूस आसं करंल का?”

अब्बांनी पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. बघण्यासारखं त्यांना त्यात काय होतं?

“करतो, बाई. यानं केलंय. नव्या पत्र्याचं पैसं घेतलं आन डबं फाडून लावलं. फसवलं तुमच्या मालकास्नी. जमलं तर माफ करा त्येला.”

मनुबाईंचा चेहरा कडक झाला. “बाबा, दारात आलेलं पाव्हनं हाय म्हनून गप ऱ्हाते. पर ज्येला कवा बघितलं न्हाई, त्येच्या माघारी आसं बोलू न्हाई. त्यो हितं आसता तर त्यानंच सांगितलं आसतं, काय झालं त्ये.”

“व्हय,” अब्बा म्हणाले. “त्यो हितं आसायला पायजे हुता.”

अजीमनं माझ्याकडं पाहिलं नाही आणि मी त्याच्याकडं. त्यानं पुढची अर्धी बॉडी मूळची आणि उत्तम म्हणून धरली, मागची शून्य. किंमत मनुबाईंच्या अपेक्षेपेक्षा बरीच खाली आली. त्यांनी घासाघीस केली नाही. “हाय त्येवढंच धरा,” म्हणाल्या, आणि शेडच्या कोपऱ्यात पाठ करून उभ्या राहिल्या. साहेबांनी मात्र तिथंच अजीमचा हात हातात घेतला. “अजीमभाई, तिन्ही गाड्या तुमच्या. जे आहे ते तोंडावर सांगणारा माणूस मला हवा होता.”

अब्बा खाटेवरून उठले. सांगलीला जायचंय, इथून एसटी मिळेल, म्हणाले. साहेब मनानं वाईट नाहीत. त्यांनी पाकिटातून शंभराची नोट काढून अब्बांच्या पुढं धरली. “असू द्या बाबा, तिकिटाला.” पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट असते, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? अब्बा क्षणभर थांबले. नाही म्हटलं असतं तर बोलणं वाढलं असतं. त्यांनी नोट घेतली, कपाळाला लावली आणि आयुष्यात कधी कुणापुढं हात न पसरलेला तो माणूस माझ्या नवऱ्यासमोरून स्टँडच्या दिशेनं चालत गेला. अजीम जागचा हलला नाही.

साहेबांची गाडी दिसेनाशी होईपर्यंत आम्ही थांबलो, मग स्टँडवर धावलो. अब्बा नव्हते. त्यांचा मोबाईल आमच्याच मागच्या सीटवर पडला होता. पेठ नाक्यापर्यंत प्रत्येक एसटी गाठून तिच्या खिडक्यांत डोकावत आलो. मग अजीमनं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. मलाच माझी इतकी लाज वाटत होती, की त्याची समजूत घालायचा हक्क मला आहे असं वाटेना.

दिवेलागणीला कडी वाजली. दार सताड उघडं होतं आणि घर अब्बांचं, तरी ते उंबऱ्याबाहेर उभं राहून कडी वाजवत होते. अजीम धावत पुढं गेला. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून नोट काढून त्याच्या हातात दिली.

“गिऱ्हाइकाचे आहेत. त्यांच्या बिलातून वजा कर. विसरू नको.”

“अब्बा, आत या,” अजीम कसंबसं म्हणाला.

अब्बांनी त्याच्या खांद्यावरून आत वाकून पाहिलं. मग आवाज खाली आणून, अगदी काळजीनं, विचारलं, “कोणी आलंय का? साहेब असतील तर मी घटकाभर मशिदीत जाऊन बसतो.”

“कोणी नाही, अब्बा, घरचेच आहोत,” मी म्हणाले, आणि हे म्हणताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही.