तिच्याबरोबर कोण जेवतं

गाईड हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. नववीच्या वर्गात कुठल्याही गोष्टीतल्या कुठल्याही बाईबद्दल विचारा, उत्तर एकच येतं: शी इज काइंड, ब्रेव्ह अँड हेल्पफुल. गोष्टीत ती नवऱ्याला विष घालत असली तरी काइंड, ब्रेव्ह अँड हेल्पफुलच. मुलं हुशार आहेत, पण इंग्रजी गोष्ट म्हणजे नाक दाबून गिळायचं औषध, त्याची चव कशाला बघायची, असा त्यांचा खाक्या. म्हणून यंदा मी एक गोष्ट स्वतःच लिहिली. दोन पानांची, सोप्या इंग्रजीत. झेरॉक्स काढून वाटल्या आणि म्हटलं, आता बघू कुठून उत्तरं उतरवता.

गोष्ट अशी. डोंगरातलं एक गाव, दुष्काळ पडलेला, विहीर आटत आलेली. गाव ठरवतं की परक्याला पाणी द्यायचं नाही. एक बाई देते. गावानं पुढे तिचं काय केलं ते मी लिहिलंच नव्हतं, ते मुलांनी शोधायचं होतं. बाईला एक मुलगी होती, तीही एका वाक्यापुरती: तिची मुलगी खिडकीतून बघत होती. खरं सांगायचं तर ते वाक्य मी पान भरायला टाकलं होतं.

आमची शाळा पनवेलच्या कडेला, इमारती संपून गावांची घरं सुरू होतात तिथे आहे. इमारतीतली मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजी माध्यमाला जातात. आमच्याकडे येतात ती शेजारच्या गावातली. माझा नववीचा वर्ग तर झाडून सगळा त्या एकाच गावातला. गावाचं नाव लिहीत नाही. मी पनवेलातच टपाल नाक्याजवळ वाढले, लग्न होऊन खारघरला गेले, त्यामुळे या भागातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा दांडगा समज होता.

सोमवारी मी विचारलं, "हितेश, बाई कशी आहे सांग."

"काइंड, ब्रेव्ह अँड..."

"बस खाली. इंग्रजी सोडा आता. तुमच्या गावात कोणी गावानं ठरवलेलं मोडलं असतं तर काय झालं असतं? करून दाखवा मला."

मुलं एकमेकांकडे बघून हसली. मग हितेशनं वाकून बूट काढले. कल्पेशनं काढले, मग सगळ्यांनीच. मी बघतच राहिले तर हितेश म्हणाला, "गावकी देवलात बसते मॅडम, पायात घालून नाय चालत." गावकी म्हणजे गावातल्या जाणत्या पुरुषांची बैठक. हितेशचे वडील तिथले पंच, म्हणून तो मधोमध बसला. मुलांनी बाकं सरकवून जमिनीवर गोल केला. मुली कोणी न सांगता भिंतीला लागून उभ्या राहिल्या. कोमल बाई झाली. तिला गोलाच्या बाहेर उभं केलं.

हितेश तिच्याकडे बघतही नव्हता. कल्पेशकडे बघून म्हणाला, "इचार तिला, पानी दिलं का?"

कल्पेशनं कोमलला विचारलं. कोमलनं कल्पेशला सांगितलं. कल्पेशनं हितेशला सांगितलं. हितेश आणि कोमलमध्ये चार पावलांचं अंतर, पण प्रत्येक शब्द कल्पेशवरून फिरून जात होता. एकानं माफीचं सुचवलं, दुसऱ्यानं हाणून पाडलं. मग हितेशनं मांडीवर हात टेकले आणि बापाच्या आवाजात निकाल दिला. "आजपासून तिच्याशी कोनी बोलायचं नाय. दुकानदारानं सामान द्यायचं नाय. लग्नाला बोलवायचं नाय, मयताला जायचं नाय. जो बोलंल तो पन तिच्यासारखाच."

माझ्या अंगावर काटा आला, आनंदानं. वर्षभर घसा कोरडा करून जे शिकवता आलं नव्हतं ते पोरांनी एका तासात केलं होतं. पात्र, परिसर, संघर्ष, सगळं आलं होतं त्यात. मी टाळ्या वाजवल्या. "याला म्हणतात गोष्ट समजून घेणं. इतका अभिनय कुठे शिकलात रे?"

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून हात वर आला.

तो प्रांजलचा होता. प्रांजल एकटी बसते. अक्षर मोत्यासारखं, पण वर्गात तोंड उघडत नाही. दिवाळीनंतर तिनं विनिताच्या शेजारची जागा सोडून मागचा बाक धरला, तेव्हा मला वाटलं अभ्यासू पोर आहे, बडबड नको असेल. त्या दिवशीही ती गोलात आली नव्हती की भिंतीला उभी राहिली नव्हती. बूट पायात तसेच होते.

ती उभी राहून इंग्रजीतच म्हणाली, "मॅडम, हू ईट्स विथ द डॉटर?"

त्या मुलीबरोबर कोण जेवतं? मी लिहिलेल्या गोष्टीत मला न सुचलेला प्रश्न होता तो. मी हरखलेच. "हितेश, तू पंच ना? उत्तर दे तिला."

"मॅडम, गोष्टीत तसं काय..."

"माझ्याकडे नको बघूस. विचारलं कोणी? तिच्याकडे बघून सांग."

हितेश वळला नाही. कोणीच वळलं नाही. एक हात वर होता, एक मुलगी उभी होती, आणि वर्गातली एकही मान तिकडे फिरली नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं.

"बहिरा झालास का रे?"

हितेश काढलेले बूट घालायला वाकला. खालूनच म्हणाला, "बोललो तर आमाला पन टाकतील, मॅडम."

"कुठे टाकतील?"

"वालीत."

उद्या सुट्टी आहे असं सांगावं तितक्या सहज त्यानं ते सांगितलं. माझ्या तोंडात कोणीतरी मारल्यासारखं झालं. टाळ्या वाजवलेले हात तसेच अंगासमोर होते, ते कुठे ठेवावेत कळेना. अभिनय कुठे शिकलात म्हणून मी विचारलं होतं. वाळीत टाकणं मी पेपरात वाचलं होतं आणि पान उलटून चहा प्यायले होते. इथे ते माझ्या वर्गात, माझ्या हजेरीत, दिवाळीपासून बसलं होतं आणि मी त्याला शिस्त म्हणत होते. प्रांजल शांतपणे खाली बसली. तिला उत्तर मिळालं होतं.

मधल्या सुट्टीत मी गंगाबाईंना गाठलं. त्या शाळेच्या शिपाई, राहायला त्याच गावात.

"तुमाला ठाव नव्हतं?" त्यांनाच नवल वाटलं. "तिचा बाप चुलतभावाच्या पोरीच्या लग्नात जेवला. भावाला आधीच टाकलेला. मग यांना पन टाकलं."

"भावाला कशासाठी टाकलं होतं?"

गंगाबाईंनी आठवून पाहिलं. "ते आता कोनाच्या ध्यानात नाय."

"आणि पोर डबा कुठे खाते?"

"पान्याच्या टाकीमागं."

"तुम्ही बोलता तिच्याशी?"

त्यांनी माझा रिकामा कप उचलला. "मला त्याच गावात रावायचं हाय, मॅडम."

मी तशीच मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, याच्याविरुद्ध कायदा आहे. ते म्हणाले, "आहे ना. पण शाळेची जमीन गावानं दिलेली आहे. तुम्ही आपलं इंग्रजी शिकवा." त्यांचा राग येण्याआधी मला स्वतःची लाज वाटली, मग त्यांचाही राग आला. त्या दिवशी घरी जेवायला बसले. सारखा टाकीमागचा डबा दिसत होता. त्या पोरीशी कोणीतरी एकदा बोलावं, बाकी काही नको, एवढंच डोक्यात घेऊन मी बसले. आणि मला वाटलं, तिच्याशी बोलायला बंदी आहे. गोष्टीतल्या मुलीशी बोलायला कुठे आहे?

मंगळवारी मी माझी खुर्ची वर्गाच्या मधोमध ठेवली. "आज पात्राला प्रश्न विचारायचे. बाईची मुलगी या खुर्चीत बसेल. तिला जे वाटतं ते विचारा. प्रांजल, ये."

प्रांजल आली आणि बसली. सगळ्यांचं लक्ष हितेशकडे. तो नखं बघत होता.

"मॅडम, ही गोष्टीतली पोर ना? आपली... म्हंजे दुसरी कोन नाय ना?"

"गोष्टीतली."

"मंग चालंल."

त्यानंच पहिला प्रश्न विचारला, अडखळत, इंग्रजीत: तुझ्या आईनं पाणी का दिलं? प्रांजल म्हणाली, तो तहानलेला होता. कल्पेशनं विचारलं, तुला आईचा राग आला का? ती म्हणाली, रोज येतो, आणि मग आईचीच दया येते. हे गाईडमधलं उत्तर नव्हतं. मुलं पुढे सरकली. इंग्रजी कधी सुटलं ते त्यांना कळलं नाही, मीही टोकलं नाही. शाळेत का येतेस? घरी त्याहून शांत असतं म्हणून. दिवसभर काय करतेस? तुमचं बोलणं ऐकते.

मग विनिता उभी राहिली. दिवाळीपर्यंत या दोघी एका बाकावर बसायच्या, एका डब्यात जेवायच्या.

"तुझी आजी गेली तवा तू रडत व्हतीस. आमच्या घरात आयकू येत व्हतं. मला येऊ नाय दिलं."

माझ्या गोष्टीत आजी नव्हती. ते सगळ्यांना माहीत होतं. मी हितेशकडे पाहिलं. तो आता अडवेल असं वाटलं, पण तो खाली बघत राहिला.

"ठाव हाय," खुर्चीतली मुलगी म्हणाली. "खिडकीत दिसत व्हतीस."

विनिता मटकन बसली आणि बाकावर डोकं ठेवून रडायला लागली. मागून कोणीतरी हळूच विचारलं, "आजीला खांदा कोनी दिला?" ती म्हणाली, बाबांनी, भावानं, आणि वीटभट्टीवरच्या दोन माणसांनी, ज्यांची नावंही आम्हाला माहीत नाहीत. हितेशनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याची आजी आणि तिची आजी एकत्र कोळंबी सोलायला बसायच्या, हे मला नंतर कळलं.

घंटा झाली. मुलं हलली नाहीत, मग एकेक करून खेळाच्या तासाला गेली. प्रांजल खुर्चीतच होती.

"ऊठ ग, पुढचा तास आहे."

"मॅडम, थोडा वेळ बसू? उठलं की परत मी व्हनार."

मी तिला बसू दिलं. दुसरं काही सुचलंच नाही. जाताना मात्र मी मनातून फुशारले होते. एका खुर्चीनं गावकीला चकवलं म्हणून घरी नवऱ्याला तिखटमीठ लावून सांगितलं.

बुधवारी सकाळी गंगाबाई व्हरांड्यात समोरून आल्या आणि माझ्या बाजूनं निघून गेल्या. मला वाटलं घाईत असतील. टेबलावर चहा नव्हता. मी वर्गात शिरले. आमची मुलं रोज उभं राहून सूर लावून गुड मॉर्निंग म्हणतात, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं. त्या दिवशी कोणी उठलं नाही.

"गुड मॉर्निंग," मी म्हटलं.

पंखा तेवढा फिरत होता.

"काय रे, झोपलात का? कल्पेश? कोमल?"

कोमलचे ओठ हलले आणि मिटले. विनिता रडून सुजलेल्या डोळ्यांनी फळ्याकडे बघत होती, मी जिथे उभी होते तिथेच, पण माझ्यातून आरपार. इतकी वर्षं शिकवते मी, मुलांनी दंगा केला, उलट उत्तरं दिली, एकदा एकानं खडू फेकून मारला. पण आपण बोलावं आणि ते कोणाच्या कानात शिरूच नये, हे कधी झालं नव्हतं. माझ्याच वर्गात मला भीती वाटली.

"हितेश," मी म्हटलं. "तू तरी सांग."

हितेश उभा राहिला. त्याच्या गालावर बोटांचे वळ होते. माझ्याकडे न बघता तो कल्पेशकडे वळला.

"कल्पेश, सांग त्यांना. राती देवलात बसलेले. पोरांना माफ केलं." त्याचा आवाज फुटला. "मॅडमना नाय."

कल्पेश माझ्याकडे वळला, पण त्याच्या तोंडून ते निघेना. निघायची गरजही नव्हती. खुर्ची कालच्याच जागी होती, वर्गाच्या मधोमध. मी तिच्यात बसले.

तेव्हा शेवटच्या बाकाचा आवाज झाला. प्रांजल उभी राहिली आणि सगळ्या वर्गाचा मिळून होतो तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणाली, "गुड मॉर्निंग, मॅडम."

ती बाकांच्या मधून चालत पुढे आली. कोणी वर पाहिलं नाही, फक्त विनितानं वाटेतलं दप्तर पायानं बाजूला ओढलं. प्रांजल खुर्चीजवळ येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात, आपल्याहून लहान कोणाला तरी समजवावं तशी म्हणाली, "पयला दिवस लय जड जातो, मॅडम. मंग कानांना सवय व्हते. डबा आनलाय का?"

"आणलाय."

"टाकीमागं सावली असते," ती म्हणाली. "दोघींना पुरंल."