जास्तीची बाटली

साबण किसायला घेतला की घरभर कुणीतरी नुकतंच न्हाऊन आल्यासारखा वास सुटतो. संक्रांतीचे दिवस होते. दिवस बराच वर आला तरी खिडकीबाहेरचा तेलीबांध्याचा तलाव धुक्यातच होता आणि मी खिडकीपाशी परात घेऊन पांढऱ्या साबणाच्या वड्या किसत बसले होते.

माझी सून चित्रा हिनं हळदीकुंकवाला वाण म्हणून साबणाच्या बाटल्या लुटायचं काढलं होतं. साध्या नव्हेत. वरून दाबलं की पातळ साबण न येता थेट फेसच हातावर येतो, तसल्या. रिकाम्या बाटल्या तिनं मागवल्या होत्या, साबण करायचं काम माझ्याकडे.

"स्टीलच्या वाट्या देऊन देऊन सगळ्यांची कपाटं भरली आई," ती म्हणाली. "ये कुछ नया है."

चित्राचं माहेर इथलंच, रायपूरचं, पिढ्यान् पिढ्यांचं. तिचं निम्मं बोलणं हिंदीतच असतं. पण पोरगी हुशार. हाताला काम असलं की सासू कुढत नाही, हे तिनं केव्हाच ओळखलं होतं.

आमचे हे, श्यामराव, गेले त्याला वर्ष उलटून गेलं होतं. मागची संक्रांत दुखवट्यात गेली. यंदा घरात पुन्हा बायका येणार, हळदकुंकू होणार. मी मात्र आत स्वयंपाकघरात थांबणार होते. मला कुणी अडवलं नव्हतं. आमच्यात अशा बाईनं सवाष्णींत बसायचं नसतं, हे सांगावं लागत नाही, म्हणून मीच आधी सांगून टाकलं होतं की मी आतलं बघीन. चित्रा त्यावर काहीच बोलली नाही, याचा मला रागही आला होता. खरं सांगते, मला बाहेर बसायचं होतं. फक्त कुणीतरी बोलवावं, एवढंच वाटत होतं. आणि ते मी मरेस्तोवर तोंडानं म्हटलं नसतं.

साबणाची रीत सोपी आहे. कीस गरम पाण्यात विरघळवायचा, थोडं ग्लिसरीन घालायचं आणि मग पाणी वाढवत जायचं. दाट राहिला तर बाटलीच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते ती बुजते. चित्राकडून हे ऐकून मला फार बरं वाटलं. शॅम्पू संपत आला की मी बाटलीत पाणी घालून खळबळते, म्हणून माझा मुलगा अनिमेष जन्मभर मला चिडवत आला. तो नव्या रायपुरात मंत्रालयात मोठ्या खुर्चीवर बसतो, पण हे शास्त्र त्याच्या आईला आधीपासून येत होतं.

पातेलं ढवळता ढवळता वाफ तोंडावर आली आणि मी कुठल्या कुठे गेले. हे वॅगन कारखान्यातून यायचे तेव्हा हात काळे मिट्ट असायचे. मी मोरीवर तांब्यानं पाणी घालायची. फेस आधी काळा निघे, मग राखाडी, मग पांढरा, आणि त्या पांढऱ्या फेसातून यांची बोटं एकेक करून परत यायची. कधी एखादं बोट पत्र्यानं कापलेलं असायचं. मी लगेच हळद आणायची. हे म्हणायचे, "राहू दे, होते बरं." पण हात पुढेच धरून ठेवायचे.

भानावर आले तेव्हा माझ्या हातात हळदीचा डबा होता आणि मोठा चमचाभर हळद पातेल्यात गेली होती. जखमेला चांगली म्हणून. जन्मभर कपडे धुतले मी. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे मला नाही तर कुणाला माहीत असणार? तरी घातलीच. बघता बघता पातेलंभर कुंकू कालवल्यासारखं झालं.

माझ्या बोटांनाही तो रंग लागला. वर्षभर मी त्या रंगाच्या जवळ गेले नव्हते. मी घाईघाईनं हात पदराला पुसले आणि पदरही लाल करून घेतला.

चित्रा आली, पातेल्यात डोकावली.

"फेकून दे," मी म्हटलं. "मी दुसरा करते. माझं डोकं ठिकाणावर नाही."

"काहून फेकायचा? कित्ती छान रंग आला आहे."

"जाळीत हळद अडकते ना."

"मग गाळू."

यांच्या जुन्या मलमलच्या सदऱ्याचं एक मऊ फडकं होतं. त्यातून आम्ही दोघींनी दोन्हीकडून धरून ते सगळं गाळलं. थंड झाल्यावर त्यात आणखी पाणी घातलं. चित्रानं एक बाटली भरली. पहिल्यांदा नुसती हवा आली. ती न थांबता दाबत राहिली, आणि एकाएकी तिच्या तळहातावर फेसाचा गोळा आला. गुलाबी, पहाटेच्या ढगासारखा. आम्ही दोघी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिलो.

बाटल्या भरून झाल्यावर मी यायच्या बायका मोजल्या. एक बाटली जास्त होत होती.

"असू द्या," चित्रा म्हणाली. "बाजूला ठेवा."

हळदीकुंकवाच्या दिवशी मी आत तिळाच्या वड्या ताटल्यांत मांडत होते. बाहेर बांगड्या, हसणं, अत्तर. मधल्या पडद्यातून ऊन आत येत होतं आणि ते आवाज पाण्याखालून यावेत तसे लांबून येत होते. तेवढ्यात इंदूचा आवाज ओळखू आला. आम्ही शंकर नगरात राहायचो तेव्हाची ती माझी शेजारीण. ती कुजबुजली तरी गल्लीला ऐकू जातं.

"अवं चित्रा, याच्यातून त नुसती हवा येऊन राहिली."

"माझ्याही," दुसरी कुणी म्हणाली.

"मुझे नहीं आता काकू," चित्रा म्हणाली. "हे आईंनाच जमतं."

माझा हात वडीवरच थांबला. माझ्यासमोर तिनं स्वतः बाटली सुरू केली होती.

"वनमाला," इंदूनं हाक मारली, "तू तिथं काय करून राहिली व? तुह्या बाटल्या तूच चालू कर. आमचे हात कधीचे उघडे आहेत."

मी हात पुसले आणि पडदा सारून बाहेर गेले. डोळे वर केले नाहीत. पहिलीची बाटली घेतली, हवा निघेपर्यंत दाबली, तिच्या तळव्यावर फेस घातला. मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. खिडकीतून तलावाचा उजेड येत होता आणि सगळ्याजणी ओंजळीत गुलाबी फेस धरून बसल्या होत्या. तो विस्कटू नये म्हणून कुणी हलत नव्हतं. इंदूनं तो नाकाशी नेला आणि नाकाला लावून घेतला.

"हळद घातली ना तू?"

"हव," मी म्हटलं. "चुकून."

"मग झालं की हळदकुंकू," इंदू म्हणाली आणि बाजूला सरकून तिनं सतरंजीवर जागा केली.

मी उभीच होते. बसावं की आत जावं, समजत नव्हतं. तेवढ्यात चित्रा समोर आली. तिच्या हातात ती जास्तीची बाटली होती, वर तिळाची वडी ठेवलेली. तिनं ती माझ्या हातात दिली आणि वाकून नमस्कार केला.

"मले कशाले?" मी म्हटलं. "मीच त बनवला."

"तुमचं वाण आहे आई. मी तुम्हाला मोजूनच मागवल्या होत्या."

डोळे भरून आले ते सगळ्यांनी पाहिलं आणि मला त्याची लाज वाटली नाही. इंदूनं माझ्या हातून बाटली घेतली, जोर लावून दाबत राहिली आणि माझ्या दोन्ही तळहातांवर फेस घातला.

मी तो धुतला नाही. फेस आपला आपण विरत गेला. तो पुरता विरून बोटांवर फिकी लाली उरेपर्यंत, आणि त्यानंतरही, मी बाहेरच्या खोलीतच बसून होते.