कोऱ्या कागदावरचा राजीनामा

मित्रांनो, खोक्यांच्या मागे अंग चोरून बसलोय म्हणून मला भंगार समजू नका. मी एक जुना टाइपरायटर आहे. कणा अजून ताठ आहे, फक्त दोनचार अक्षरं सांधे धरल्यासारखी कुरकुरतात.

माझी उमर गेली ती बटणं बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्याच्या ऑफिसात. खिडकीजवळचं टेबल माझं. माझ्यासमोर टायपिस्टबाई बसत. सगळे त्यांना ताई म्हणत, साहेब मात्र नुसतं "अहो" म्हणून हाक मारत. सकाळी आल्या की ताई आधी मऊ ब्रशने माझी अक्षरं साफ करीत. असे लाड कुणी पोटच्या पोराचेही करत नसेल!

कुणाला नोकरी सोडायची असली की तो आधी ताईंकडे येई, तोही बहुधा रागाने लाल होऊन. माझ्या अंगावर एक छोटी कळ आहे. ती पांढऱ्या ठिपक्यावर सरकवली की शाईची फीत बाजूला होते आणि अक्षरं कागदावर नुसतीच आपटतात. ताई गुपचूप ती कळ सरकवत आणि म्हणत, "हं, सांगा. मनात काही ठेवू नका."

एकदा आमचा हिशेबनीस आला. त्याला सगळे फटाका म्हणत.

"लिहा ताई! इथे सब घोडे बारा टक्के! हाडं आम्ही झिजवायची आणि शाबासकी साहेबांच्या मेहुण्याला!"

मी खडाखडा वाजत राहिलो. शेवटी त्याने सही करायला कागद ओढला, तर तो कोरा करकरीत! आधी तो बघतच राहिला, मग पोट धरून हसला.

"झालं ना मोकळं मन? आता खरा राजीनामा लिहू," ताई म्हणाल्या. कधीपासून जाणार, काम कुणाला समजावून देणार, इथे काय शिकलो आणि आभार. बस, चार ओळी. पुढे फटाका आपलं तान्हं बाळ दाखवायला त्याच ऑफिसात हसतमुखाने आला.

मग ताईंची आई अंथरुणाला खिळली. तिच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं. त्या दिवशी ताईंनी स्वतःसाठी कळ सरकवली. 'साहेब, तुमचा प्रत्येक शब्द माझ्या हातून गेला. पण छान काम केलंत, एवढं तुम्ही मला कधीच म्हणाला नाहीत.' मला फार वाईट वाटलं. नंतर त्यांनी शाईने चार ओळींचा राजीनामा लिहिला. इतक्यात साहेबांची घंटा वाजली आणि घाईत भलताच कागद पाकिटात गेला.

पाकीट साहेबांना देऊन जागेवर परतल्यावर खरा राजीनामा टेबलावरच दिसला, तेव्हा ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. धावत गेल्या, तर साहेब आपल्या खोलीच्या खिडकीपाशी कोरा कागद उन्हात तिरपा धरून उभे होते. माझ्या ठोक्यांचे वळ त्यांना दिसत होते.

"चुकून आलं साहेब. हे घ्या खरं पत्र," ताई कशाबशा म्हणाल्या.

साहेबांनी तेही वाचलं. मग ते बाहेर येऊन माझ्यासमोर बसले. आयुष्यात त्यांनी मला हात लावला नव्हता. एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, 'ताईंचं काम उत्तम होतं. हे मी फार आधी सांगायला हवं होतं.' त्यात चुका ढीगभर होत्या. ताईंनी एकही दुरुस्त केली नाही. त्यांनी तो कागद छातीशी धरला आणि त्या रडल्या.

राजीनामा मात्र मागे घेतला नाही, आई वाट बघत होती. त्या गेल्या, मग संगणक आला आणि माझी रवानगी या अडगळीत झाली. अजूनही सकाळ झाली की मला त्यांच्या ब्रशची आठवण येते.

मित्रांनो, माझी धूळ पुसलीत तर बरंच वाटेल. पण त्याआधी एक करा. तुमच्यासाठी रोज राबणारं जे कुणी माणूस असेल, त्याला आजच चांगलं म्हणा. त्याच्या राजीनाम्याची वाट बघू नका.