पुढचा ब्रेक आणि रांगोळीची रेघ

रोहिदासच्या मोटारसायकलवर मागं कोणी बसत नाही, हे थेरगावातल्या त्याच्या सोसायटीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कारणही माहीत होतं. मागच्या वर्षी डांगे चौकात सिग्नल लागला, रोहिदासनं पुढच्या ब्रेकचा लिव्हर ओढला, तो लोण्यात बोट घालावं तसा मऊ लागत थेट मुठीला जाऊन टेकला आणि गाडी थांबली ती केळीवाल्याच्या हातगाडीला धडकूनच. वेग नव्हता म्हणून लागलं कोणालाच नाही. पण मागं बसलेल्या कस्तुराच्या मांडीवर केळ्यांची भलीमोठी फणी येऊन पडली आणि चौकातली झाडून सगळी माणसं खो खो हसली. केळीवाल्यानं रोहिदासची शेलक्या शब्दांत पूजा बांधली. कस्तुरानं त्याच्या हातात केळ्यांचे पैसे ठेवले, फणी उचलली आणि ती चालत घरी आली. नवरा मागून गाडी ढकलत.

"तुमच्या मागं आता मी बसायची न्हाई," दारातच तिनं जाहीर केलं. "म्हणजे न्हाईच."

बाईचा शब्द म्हणजे शब्द. तेव्हापासून ती बाजाराला शेअर रिक्षानं जायची, नातेवाइकांकडे बसनं जायची, आणि लेक दिव्या मारुंजीहून आपली नवी कार घेऊन आली की कारमध्ये ऐटीत पुढं बसायची. रोहिदास चाकणच्या कंपनीत प्रेस शॉपला, पत्रे दाबायच्या यंत्रांवर होता. मागच्या ब्रेकवर भिस्त ठेवून तो एकटाच शिफ्टला जायचा आणि एकटाच यायचा. लातूरकडून ही जोडी इकडं आली, दिव्याला बालवाडीत घातलं, त्याच वर्षी ही गाडी घेतलेली. तेव्हापासून कस्तुराचा हात त्याच्या उजव्या खांद्यावर असायचा. खड्डा आला की तो हात घट्ट व्हायचा, गप्पा रंगल्या की थापटायचा. आता खांदा मोकळा होता आणि त्या मोकळ्या खांद्यानं माणूस अगदी रडकुंडीला आला होता. हे बोलायचं कोणाजवळ? प्रेस शॉपमधल्या मित्रांजवळ बोलला असता तर त्यांनी रिटायर होईपर्यंत चिडवलं असतं.

गणपती झाल्यावर दिव्यानं विषय काढला. "बाबा, ती गाडी भंगारात द्या आता. दसऱ्याला निमगावच्या खंडोबाला आपण कारनं जाऊ."

रोहिदासनं भाकरीचा घास ताटात ठेवला. निमगावचा खंडोबा म्हणजे दरवर्षी दसऱ्याला दोघांनी मोटारसायकलवर जायचं ठिकाण.

"पुढचा ब्रेक नवा करून घेतो," तो म्हणाला. "मग बसशील?"

कस्तुरानं ताटावरून नजर उचलली. "मी सांगन तिथं थांबवून दाखवा. दसऱ्याला गेटापाशी रांगोळीची रेघ मारते. आवारातल्या इस्त्रीवाल्याच्या टपरीपासून नुसता पुढचा ब्रेक दाबायचा, मागच्याला पाय लावायचा न्हाई. रेघंच्या आत थांबली तर बसते. न्हाई थांबली, तर दिव्या म्हणते तसं. भंगार."

"ठरलं," रोहिदास म्हणाला खरा, पण रात्रभर त्याचा डोळा लागला नाही.

चिंचवडच्या प्रीतमचं गॅरेज त्याच्या ओळखीचं. प्रीतमनं चाकाजवळचा कॅलिपर उघडला आणि तोंड वाकडं केलं. आतला पिस्टन गंजून जागच्या जागी अडकला होता, रबरी सील फुगले होते आणि ब्रेक ऑइलचा उकळलेला चहा झाला होता.

"काका, ह्यावर तुम्ही चाकणला जात होता? खंडोबाच पावला तुम्हाला."

रोहिदासनं सगळंच नवीन घ्यायचं ठरवलं. पिस्टन, सील, पॅड, तेलाचा पाइप, आणि पॅड जिला चिमटीत धरून चाक थांबवतात ती चकचकीत डिस्क. प्रीतमनं सुटे भाग बसवून दिले, पण ऑइल भरून हवा काढायचं काम रोहिदासनं हट्टानं घरी आणलं. हे काम दोघांचं असतं. एकानं लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्यानं खाली स्क्रू सैल करून पाइपातली हवा बाहेर सोडायची. दुसरा माणूस गॅरेजमध्येही मिळाला असता. पण रोहिदासला तो नको होता.

"कस्तुरा, जरा खाली येतीस का? हात पायजे."

"काय करायलाव आता?" असं कुरकुरत ती आली. पदर खोचून हँडलपाशी उभी राहिली.

"दाब. धरून ठेव. सोडू नको, सोडू नको... आता सोड."

नळीतून बुडबुडे आले. कस्तुरानं वाकून पाहिलं. "एवढी हवा व्हती ह्याच्यात?"

"व्हती ना."

"मालकावर गेलीय गाडी."

वरच्या गॅलरीत आक्काबाई उभी होती. थेरगावच्या जुन्या घराण्यातली म्हातारी, सोसायटीतलं काहीही तिच्या नजरेतून सुटायचं नाही. ती खदखदून हसली. रोहिदासही हसला. दाब, धर, सोड, असं बराच वेळ चाललं. बुडबुडे कमी होत गेले, आणि एकदा कस्तुरानं लिव्हर दाबला तर तो अर्ध्यावरच घट्ट थांबला. तिनं पुन्हा दाबला. पुन्हा घट्ट. तिचा चेहरा असा उजळला की रोहिदास हातातला पाना विसरला.

"कडक झाला की हो!" ती म्हणाली, आणि आपण रुसलेलो आहोत हे आठवून लगबगीनं वर निघून गेली.

खंडेनवमीला रोहिदासनं चाकणपर्यंत जाऊन पाहिलं. गाडी म्हणाल तिथं थांबत होती. परत येताना तो हेल्मेटच्या आत गाणं गुणगुणत होता. जेवताना त्यानं कंपनीतल्या पूजेचं साग्रसंगीत वर्णन केलं. "आमी प्रेसला कुंकू लावतो ना, ते तेलात कालवून. पाण्यातलं लोखंडावर धरत न्हाई, वाळलं की झडतं. तेलातलं वर्षभर टिकतं बघ." कस्तुरा ऐकून घेत होती.

दसऱ्याच्या सकाळी रोहिदास अंघोळ करून खाली उतरला, तेव्हा गाडीची पूजा झालेली होती. हँडलवरून पुढच्या चाकापर्यंत झेंडूची जाड माळ, टाकीवर कुंकवाचं बोट, चाकाखाली लिंबू. गेटापाशी पांढरीशुभ्र रेघ. दिव्या कारची किल्ली फिरवत उभी होती. आक्काबाईनं गॅलरीत खुर्ची टाकली होती, आणि इतर गॅलऱ्यांतही गर्दी झाली होती.

त्यानं देवाचं नाव घेतलं, लिंबू चिरडलं आणि लांबून वळवून गाडी आणली. टपरीशी येताच उजवा पाय सगळ्यांना दिसेल असा बाहेर काढला आणि लिव्हर दाबला.

लिव्हर घट्ट होता. पण गाडी थांबेना! कुईं असा आवाज करत ती डौलात पुढं गेली, रेघ तुडवून गेली, झेंडूची फुलं सांडत गेटाबाहेर गेली. शेवटी रोहिदासनं मागचा ब्रेक दाबला तेव्हा वॉचमन खुर्ची सोडून केव्हाच पळाला होता.

गॅलऱ्यांत हशा पिकला. "आरं, ही तर पार निमगावलाच निघाली की!" आक्काबाई ओरडली.

रोहिदासच्या कानात काहीच शिरत नव्हतं. त्यानं गाडी उभी केली, माळ बाजूला सारली आणि डिस्कवरून बोट फिरवलं. बोट लाल झालं. लाल आणि तेलकट. नव्याकोऱ्या डिस्कवर कोणीतरी सुबक स्वस्तिक काढलं होतं, आणि दाबल्याबरोबर ते पॅडवर छान सारवलं गेलं होतं.

कोणीतरी म्हणजे कोण, हे काय सांगायला हवं? आणि तेलात कालवायची अक्कल कोणी शिकवली, तेही त्याला लख्ख आठवलं. आत्ता वर पाहून चार शब्द बोलला असता तर पैज वाचली असती. पण सणाच्या दिवशी, सगळ्या सोसायटीसमोर, तिनं हातानं केलेली पूजा चुकली म्हणायचं? ते त्याच्यानं होईना. त्यानं बोट पँटला पुसलं.

"हरलो," तो म्हणाला. "दिव्या, भंगारवाल्याला उद्या बोलाव."

कस्तुरा रेघेपाशी उभी होती, ती चालत आली. तिनं त्याच्या पँटवरचा लाल डाग पाहिला, वाकून डिस्क पाहिली, आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! तेलामुळं व्हय?"

"असू दे."

"असू दे कसं? तुम्हाला कळलं व्हतं ना? मग बोलला का न्हाईत?"

कस्तुरानं गॅलऱ्यांकडं तोंड केलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "गाडी हरली न्हाई! मी तेल लावलं ब्रेकला. तेल लावल्यावर कोण थांबतंय?"

"ब्रेकला कशापाई लावलंस गं?" आक्काबाईनं विचारलं.

"थांबावी म्हणून!" कस्तुरा म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "मला बसायचं व्हतं म्हणून! रेघसुद्धा ठरल्यापेक्षा चार पावलं लांब मारली, तरी ह्यांना जमलं न्हाई!"

आता हसण्यात रोहिदासही सामील झाला, डोळे पुसत पुसत. दिव्यानं हातातली किल्ली पर्समध्ये टाकली आणि प्रीतमला फोन लावला.

प्रीतम गॅरेजची पूजा उरकून पेढ्यांसकट आला. तेल प्यायलेले पॅड त्यानं फेकून नवे बसवले. डिस्क मात्र कस्तुरानंच थिनर लावून घासली, आरशासारखी होईपर्यंत. रोहिदासनं गाडी आसपास फिरवून, हळूहळू दाबत पॅड बसते केले आणि गेटापाशी आला.

"रेघ पुन्हा मारतेस?"

"काही नको." तिनं हेल्मेट घातलं, पदर सावरला आणि मागं बसली. उजव्या खांद्यावर हात पडला. रोहिदासनं एकदाच डोळे मिटून घेतले.

"कुठं थांबवू सांग."

"डांगे चौकात. केळीवाल्यापाशी."

केळीवाल्यानं ही जोडी लांबून ओळखली आणि दोन्ही हातांनी हातगाडी मागं ओढायला सुरुवात केली. "ओ भाऊ! ओ भाऊ, सणाचा दिवस आहे!"

रोहिदासनं दोन बोटांनी लिव्हर दाबला. मोटारसायकल हातगाडीपासून वीतभर अंतरावर येऊन अलगद थांबली. एक केळंसुद्धा हललं नाही.

"दोन डझन द्या," कस्तुरा ऐटीत म्हणाली. "खंडोबाला न्यायचीत."

केळी पिशवीत भरून झाली, सुटे पैसे परत मिळाले, सिग्नल हिरवा झाला. गाडी कधीची उभी होती, पण कस्तुरानं त्याच्या खांद्यावरचा हात काही काढला नव्हता.