सोनिकाच्या वाटची फोड

नरखेडजवळ संत्र्याची ट्रॉली उलटली आणि माझी भाची सोनिका तिच्याखाली सापडली. मांडी चिरडली. नागपूरला आणून ऑपरेशन केलं, आणि दोन दिवसांत पोरगी आयसीयूत गप्पा मारू लागली. आमच्या घरच्यांना वाटलं, गंगेत घोडं न्हालं. माझा भाऊ जितेंद्र, सोनिकाचा बाप, आयसीयूच्या डॉक्टर दीक्षाबाईंच्या मागेच लागला.

"मॅडम, पोरगी हसून राहिली. वॉर्डात काहून नाही नेत?"

"रक्तातली सूज मोजतो आपण, दादा. ते आकडे चढून राहिले. मार पायाले लागला, पण त्याची आग अंगभर जाते. लेकरू वरून चांगलं दिसते अन् आतून किडनी बसते."

जितेंद्र चिडला. बाई हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी लघवी थांबली, तेव्हा डायलिसिसचं यंत्र त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं होतं. 'मी म्हटलं नव्हतं का,' असं एकदाही म्हणाल्या नाहीत. मी असते तर चारदा म्हटलं असतं.

पण आमच्या बाबांनी, नत्थूजींनी, कहर केला. आमच्या बागेत बहाराचं पहिलं संत्रं सोनिकाचं. तिच्याआधी घरात कोणी चाखत नाही. बाबांनी ते खिशात लपवून आत नेलं, सोललं आणि फोड तिच्या ओठांशी धरली. दीक्षाबाईंनी त्यांचं मनगट पकडलं आणि न ओरडता त्यांना बाहेर आणलं.

"बाबा, संत्र्यात पोटॅशियम असते. तिची किडनी आत्ता ते बाहेर टाकू शकत नाही. हृदय बंद पडू शकते."

बाबा बाकावर बसले. "नातीच्या तोंडापासून परत आलेलं फळ घरी कसं नेऊ, बाई?"

बाईंनी ती फोड घेऊन स्वतःच्या तोंडात टाकली. "गोड आहे. तिच्या वाटची मी खाल्ली. उद्याही आणजा."

मग रोज बाबा त्याच झाडाचं संत्रं आणत, बाई दाराबाहेर एक फोड खात, 'गोड आहे' म्हणत आणि रक्ताचे आकडे सांगत. सोनिकाला श्वासाची नळी लागली त्या दिवशीही त्यांनी फोड खाल्ली. आकडे मात्र सांगितले नाहीत, आणि मी जिन्यात जाऊन रडले.

हळूहळू आकडे उतरले. नळी निघाली. नरखेडहून फोन यायचे तेव्हा कोणी पोरीची तब्येत विचारत नसे, 'झाली का लघवी?' एवढंच विचारत. एकदाची झाली, आणि काही दिवसांनी यंत्रही निघालं.

परवा बाबांनी सवयीने फोड पुढे केली, तर बाईंनी हात मागे घेतला.

"आज माही नाही, बाबा. आत चला."

सोनिकाने फोड चावली आणि तोंड वाकडं केलं.

"आबा, किती आंबट आहे हे!"

बाबांनी बाईंकडे पाहिलं. बाई खाली मान घालून सोनिकाची नाडी मोजत होत्या.